राऊटर रीस्टार्ट झाला की लॉग गायब. सगळ्यांचे लॉग एका जागी कसे आणू?

तारवाला (बुधवार, रात्री ११:१८)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी राळेगाव तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. आधी केबलचा धंदा होता, आता गावागावात इंटरनेट देतो. राळेगावात फायबर येतं, तिथून रेडिओनं चार टॉवर. जागेवरून त्यांना नावं पडली आहेत: टेकडी, शाळा, जिन (कापसाची) अन् धुरा (शेताचा बांध). टेकडी मधात आहे, बाकीचे तिघं तिच्यावरूनच राळेगावले येतात. शाळेवर ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरचं फुकट सॉफ्टवेअर) टाकलेला एक जुना डबा आहे, बाकी सगळे मायक्रोटिक कंपनीचे राऊटर. दीडशेच्या आत कनेक्शन.

भानगड अशी की दिवाळी झाल्यापासून धुऱ्याकडची पन्नासेक घरं रोज एकदा तरी बंद पडून राहिली. चार-पाच मिनिटं जातं, आपोआप येतं. कधी सकाळी, कधी रात्री. फोन आला की मी विनबॉक्स (मायक्रोटिकचं सेटिंग पाहायचा प्रोग्राम) उघडतो, तोवर राऊटर चालू होऊन बसलेला अन् लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, कोरा. पहिली ओळ पाहावी तर जानेवारी १९७० ची! ज्यांच्याकडून लाइन घेतो ते म्हणतात, आमच्याकडून सगळं बरोबर आहे, तुमचं तुम्ही पाहा.

रेडिओ बदलला, केबल बदलली, कनेक्टर नव्यानं मारले. काल रात्री तर टॉर्च अन् लॅपटॉप घेऊन साडेनऊ ते बारा धुऱ्यावर जाऊन बसलो. काल काहीच झालं नाही. आज सकाळी दात घासत होतो तर फोन सुरू.

सिसलॉग नावाचं काही असतं, सगळ्या राऊटरचे लॉग एका सर्व्हरवर जमा करता येतात, एवढं ऐकून आहे. ऑफिसात एक जुना डेस्कटॉप पडला आहे, ४ जीबी रॅम, त्यावर उबुंटू टाकला. पुढं काय करू?

सावजी_रस्सा (बुधवार, रात्री ११:३१)

राळेगाव म्हणजे टी-१ (अवनी) वाघिणीचा तालुका ना बाप्पा? २०१८ विसरले का? रात्री बारापर्यंत धुऱ्यावर बसता! लॉग सर्व्हर होईल तेव्हा होईल, आधी घरी जा.

तारवाला (बुधवार, रात्री ११:३४)

घरीच आहे भाऊ. घरच्यांनीही हेच म्हटलं, पण तुमच्याइतक्या प्रेमानं नाही.

पॅकेटकाका (गुरुवार, सकाळी ६:५०)

दुखणं जुनं आहे. मायक्रोटिक आपला लॉग मेमरीत ठेवतो, मूळ सेटिंगला १००० ओळी. वीज गेली की पाटी कोरी. म्हणजे ज्या क्षणाचं तुम्हाला हवंय, नेमका तोच पुसला जातो. लॉग दुसऱ्याच्या घरी ठेवायचा तो यासाठी.

सिसलॉग १९८० च्या दशकातला. एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या मेलच्या प्रोग्रामसाठी केलेली सोय, मग ती ज्यानं त्यानं उचलली. राऊटर एक ओळ लिहितो अन् यूडीपीच्या ५१४ पोर्टवर सर्व्हरकडे फेकतो. फेकतो हाच शब्द बरोबर आहे. पोचली का ते पाहत नाही, पावती मागत नाही. साधं पोस्टकार्ड. हे डोक्यात ठेवा, पुढं कामी येईल.

मी कमांड जशाच्या तशा देत नाही, रस्ते सांगतो. कॉपी-पेस्ट केलेलं पोरांना दुसऱ्या दिवशी आठवत नाही, असा माझा अनुभव आहे.

सर्व्हरवर: उबुंटूत आरसिसलॉग (सिसलॉगच्या ओळी घेणारा प्रोग्राम) बहुधा आधीच बसलेला असतो. (डेबियन १२ असता तर वेगळा टाकावा लागला असता.) त्याच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये यूडीपीच्या दोन ओळी आहेत, एक मॉड्यूल चढवायची अन् एक पोर्टची. दोन्हींच्या पुढं हॅश (#) आहे, तो काढा अन् सर्व्हिस रीस्टार्ट करा. फायरवॉलमध्ये ५१४ उघडा, पण फक्त टॉवरांच्या मॅनेजमेंट रेंजला. जगाला उघडाल तर जग तुमच्या दारात कचरा टाकून जाईल.

मायक्रोटिकवर: सिस्टिम, मग लॉगिंग. ॲक्शन्सच्या टॅबमध्ये 'रिमोट' नावाची ॲक्शन तयारच असते, पत्त्यात चार शून्यं असतात. तिथं सर्व्हरचा आयपी टाका. मग रूल्सच्या टॅबमध्ये इन्फो, वॉर्निंग, एरर, क्रिटिकल असे चार वेगवेगळे रूल करा, चौघांची ॲक्शन रिमोट. चारही टॉपिक एकाच रूलमध्ये कोंबू नका. एका रूलमधले टॉपिक 'आणि' नं जोडले जातात, म्हणजे चारही एकदम लागू असलेली ओळच पुढं जाईल, अन् तशी ओळ जन्मात येणार नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे. सर्व्हर रिकामा पाहून दोन दिवस केबल तपासत बसलो होतो.

ओपनडब्ल्यूआरटीवर: लुसीमध्ये (त्याच्या सेटिंगच्या वेबसाइटवर) सिस्टिमच्या पानावर लॉगिंगचा टॅब आहे. बाहेरच्या लॉग सर्व्हरचा पत्ता टाका, झालं.

आणि या सगळ्याच्या आधी घड्याळ! तुमच्या डब्यांत घड्याळाला बॅटरी नाही, म्हणून वीज गेली की ते १९७० मध्ये जातात. एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणारा) क्लायंट चालू करा. डेस्कटॉपवर क्रोनी (वेळ घेणारा अन् वाटणारा प्रोग्राम) टाका, त्याला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरवरून वेळ घेऊ द्या. भारतीय प्रमाणवेळ तीच प्रयोगशाळा सांभाळते. चारही टॉवरांनी वेळ तुमच्या डेस्कटॉपकडून घ्यायची. चार डब्यांची घड्याळं जुळली नाहीत तर लॉग जमवून उपयोग नाही. कोण आधी पडलं हेच तुम्हाला शोधायचं आहे ना?

जुनाट_जावा (गुरुवार, सकाळी ९:१२)

जुन्या डेस्कटॉपच्या भानगडीत कशाला पडता? महिन्याला काही शे रुपयांत क्लाउडवर छोटा सर्व्हर मिळतो. वीज, धूळ, उंदीर, कशाचीच चिंता नाही. त्यावर ग्राफाना लोकी (लॉग साठवून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा, मोबाइलवर डॅशबोर्ड. आम्ही पुण्यात हेच करतो.

पॅकेटकाका (गुरुवार, सकाळी ९:४०)

पुण्यात करत असाल. यांची राळेगावची लाइन बंद झाली की टॉवरचे लॉग क्लाउडपर्यंत जाणार कसे? अन् यूडीपीवरचं सिसलॉग म्हणजे उघडं पोस्टकार्ड, ते इंटरनेटवरून पाठवायचं तर वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएन) करा किंवा टीएलएसवर, म्हणजे कुलूप लावून, ६५१४ पोर्टनं न्या. पहिल्याच दिवशी एवढं कशाला? ऑफिसातला डबा बरा. सवय लागली की एक प्रत क्लाउडवर पाठवा.

जुनाट_जावा (गुरुवार, सकाळी ९:४४)

मुद्दा मान्य. डॅशबोर्डचा हट्ट मात्र सोडत नाही.

वैनगंगेकाठी (गुरुवार, दुपारी १:०५)

डेस्कटॉपच ठेवा. मी इथं भंडारा जिल्ह्यात दोन राइस मिलांचं नेटवर्क पाहतो. हौसेनं रास्पबेरी पायवर लॉग सर्व्हर केला होता. दिवसरात्र लिहून लिहून दोन मेमरी कार्डं खाल्ली. दुसरं कार्ड मेलं तेव्हा तीन महिन्यांचे लॉग सोबत घेऊन गेलं. डेस्कटॉपमध्ये छोटी एसएसडी टाका अन् इन्व्हर्टरवर घ्या.

तारवाला (शुक्रवार, रात्री १२:४०)

काका, दंडवत. सगळं केलं. टीसीपीडंप (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्राम) लावून पाहिलं तर धडाधड ओळी येऊन राहिल्या! पण दोन घोळ आहेत.

एक, होस्टच्या नावाची फाइल कर म्हणून टेम्प्लेट लिहिला, तर टेकडी, जिन अशी नावं यायच्या जागी 'सिस्टिम,इन्फो' अन् 'इंटरफेस,इन्फो' नावाच्या फाइली तयार होऊन राहिल्या. या नावाचा राऊटर माझ्याकडं नाही.

दोन, शाळेवरचा डबा साडेपाच तास मागं आहे.

बाकी कालच, म्हणजे गुरुवारी रात्री धुरा पुन्हा गेला. दहा वाजून गेले होते. मी नेमका कॉन्फिग फाइलमध्ये अडकलो होतो.

पॅकेटकाका (शुक्रवार, सकाळी ६:३५)

पहिला घोळ ठरलेला. मायक्रोटिक मूळ सेटिंगला ओळीत वेळ अन् होस्टनेम टाकतच नाही, थेट टॉपिकपासून सुरू करतो. आरसिसलॉग होस्टनेम शोधतो अन् जे पहिलं सापडेल त्यालाच राऊटरचं नाव समजतो. रिमोट ॲक्शनमध्ये 'बीएसडी सिसलॉग' असा एक चौकोन आहे, त्याला टिक करा.

ते केल्यावर तिन्ही मायक्रोटिकच्या ओळी एकाच फाइलमध्ये जातील. का? कारण तिघांची आयडेंटिटी अजून 'मायक्रोटिक'च असेल. पैजेवर सांगतो. सिस्टिममध्ये आयडेंटिटी बदला, नावात स्पेस नको. नावाचा भरवसा वाटत नसेल तर ओळ ज्या आयपीवरून आली त्यावर फाइल करा, फक्त मधात कुठं नॅट (आयपी बदलणारी सोय) नसलं पाहिजे.

दुसरा घोळ टाइमझोनचा. शाळेचा डबा जागतिक वेळेवर आहे, लुसीत आशिया-कोलकाता निवडा. पण यात एक खोच आहे. हे जुनं बीएसडी वळण, २००१ साली आरएफसी ३१६४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती लिहिलेले कागद) मध्ये लिहून काढलेलं, त्याच्या वेळेत ना साल असतं ना टाइमझोन. २००९ च्या आरएफसी ५४२४ नं दोन्ही आणलं, पण जुनं वळण काही मेलं नाही. म्हणून टेम्प्लेटमध्ये राऊटरनं सांगितलेली वेळ एकटी ठेवू नका. सर्व्हरला ओळ मिळाली ती वेळही ठेवा. आरसिसलॉगमध्ये पहिलीला टाइमरिपोर्टेड म्हणतात, दुसरीला टाइमजनरेटेड. दोन्ही शेजारी लिहा. राऊटर १९७० मध्ये असला तरी सर्व्हर आजच्या तारखेतच असतो.

सावजी_रस्सा (शुक्रवार, सकाळी १०:२०)

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

तारवाला (शुक्रवार, रात्री ९:१५)

तिघांचीही आयडेंटिटी 'मायक्रोटिक'च निघाली. पैज हरलो, यवतमाळला आले की बुढीच्या चिवड्याऐवजी चहावर भागवा काका.

आता फाइली बरोबर येऊन राहिल्या. एक बारकी शंका: टीसीपीडंपमध्ये प्रत्येक ओळीच्या आधी कोनाच्या कंसात ३० किंवा २८ असा आकडा दिसतो. मी दोन तास समजत होतो की कुठंतरी व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) ३० लागला आहे.

धारणीकर (शुक्रवार, रात्री ९:५८)

व्हीलॅन नाही हो, ती ओळीची तातडी आहे. सिसलॉगमध्ये गंभीरपणाच्या आठ पायऱ्या आहेत, ० ते ७. शून्य म्हणजे घर पेटलं, सात म्हणजे डीबगची बडबड. आकडा जितका लहान तितकं प्रकरण मोठं. दुसरा आकडा फॅसिलिटीचा, म्हणजे कुठल्या खात्याकडून आलं. फॅसिलिटीला आठनं गुणायचं अन् पायरी मिळवायची. मायक्रोटिकची मूळ फॅसिलिटी डीमन, तिचा नंबर ३. तीन आठे चोवीस अधिक सहा, ३० म्हणजे नुसती माहिती. २८ म्हणजे चौथी पायरी, इशारा. आमच्या लॅबमधल्या सिस्कोच्या जुन्या स्विचचा १८९ येतो. त्याची फॅसिलिटी लोकल-७, नंबर २३, तेवीस आठे एकशे चौऱ्याऐंशी अधिक पाच. मी हे नववीच्या पोरांना पाढ्यांच्या तासाला दिलं होतं. चांगलं रमले.

एक विचारू? बंद पडणं दिवाळीनंतर सुरू झालं म्हणालात. दिवाळीनंतर तिकडं दुसरं काय सुरू होतं?

तारवाला (शुक्रवार, रात्री १०:३१)

ताई, समजलं. ३० ला घाबरायचं नाही.

दिवाळीनंतर काय सुरू होतं म्हणजे? कापूस वेचणी. अन् लग्नाच्या पत्रिका.

हे लिहिता लिहिता धुरा गेला! टेकडीच्या फाइलमध्ये ओळ आली: २२:०२:११, रेडिओचा क्लायंट तुटला. धुऱ्याच्या फाइलमध्ये मात्र काहीच नाही. शेवटची ओळ नऊ वाजताची, माझ्याच लॉगिनची. मग सगळं करून फायदा काय झाला? ज्याचा लॉग पाहिजे तोच मुका.

पॅकेटकाका (शनिवार, सकाळी ६:४५)

मेला तो सांगणार कसा? वीज गेली तर ओळ लिहायलाच जीव नाही. लिंक गेली तर ओळ लिहिली जाते, पण पोस्टकार्ड टाकायला रस्ता नाही, अन् यूडीपी ते परत पाठवत नाही. म्हणून एकाच राऊटरचा लॉग पाहायचा नसतो, शेजारी काय म्हणतात ते पाहायचं. टेकडीनं वेळ सेकंदासकट दिली, हे थोडं झालं का?

आता लिंक आधी गेली की राऊटर, एवढंच शोधायचं. धुरा परत आल्यावर त्याचा अपटाइम, म्हणजे किती वेळ सलग चालू आहे, ते पाहा. फक्त लिंक तुटली असती तर राऊटर चालूच राहिला असता, अपटाइम दिवसांत असता, अन् त्याच्या स्वतःच्या मेमरीत 'लिंक डाउन' दिसलं असतं. अपटाइम चार मिनिटं असेल तर राऊटरच पडला. मग मेमरीतल्या पहिल्या ओळी वाचा, 'नीट बंद न करता रीस्टार्ट झाला' अशा अर्थाची ओळ असते. ती सर्व्हरवर येत नाही, कारण ती लिहिली जाते तेव्हा रेडिओ उठलेलाच नसतो. माझा उपाय: शेड्युलरमध्ये स्टार्टअपचं काम टाका, नव्वद सेकंद थांबून वॉर्निंगची एक ओळ लिहायची, 'धुरा उठला'. तोवर लिंक आलेली असते. शिवाय दर पाच मिनिटांनी 'जिवंत आहे' अशी एक ओळ. ती थांबली की समजायचं.

वैनगंगेकाठी (शनिवार, सकाळी ११:३०)

त्या पाच मिनिटांच्या ओळीला इन्फो ठेवा अन् तिची फाइल वेगळी करा, नाहीतर बाकी काही दिसणार नाही.

तारवाला (रविवार, दुपारी ३:१०)

अपटाइम चार मिनिटं. राऊटरच पडतो. मेमरीत ओळही सापडली, नीट बंद न होता रीस्टार्ट, कारण बहुधा वीज. पण धुऱ्यावर तर यूपीएस आहे!

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट ऐका. काल वाटलं, सगळंच लॉग करू. फायरवॉलच्या ड्रॉप रूलवर लॉगची टिक मारली, तिन्ही राऊटरांवर, अन् एका जागी चुकून फॉरवर्डवरही (गिऱ्हाइकांच्या येण्याजाण्यावर). सकाळी उठून पाहतो तर ९ जीबीची फाइल. डेस्कटॉप गुदमरला होता, एसएसडी नव्वद टक्के भरली होती. अन् टेकडी-राळेगावच्या लिंकवर लॉगचीच गर्दी.

धारणीकर (रविवार, दुपारी ४:२०)

फॉरवर्डवर लॉग लावला म्हणजे गावातलं कोण कुठल्या पत्त्यावर जातं तेही तुमच्या डेस्कटॉपवर आलं. ती फाइल आजच काढून टाका. तुम्हाला राऊटर का पडतो ते पाहायचं आहे, लोक काय पाहतात ते नाही. लहान गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

तारवाला (रविवार, सायंकाळी ६:०२)

काढली ताई. खरं सांगतो, एका ओळखीच्यानं दोन महिन्यांआधी विचारलंच होतं की पोरगा रात्री मोबाइलवर काय पाहून राहिला ते तुमच्याकडं दिसते का. तेव्हा दिसत नाही म्हटलं होतं. आता पुन्हा खऱ्यानंच म्हणता येईल.

जुनाट_जावा (रविवार, रात्री ८:४५)

लॉगरोटेट लावला का? रोजची फाइल वेगळी, जुनी दाबून ठेवायची. किती दिवस ठेवायचे याचाही नियम आहे: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवा म्हटलंय, घड्याळं एनआयसी (सरकारचं संगणक खातं) किंवा एनपीएलच्या (काकांनी सांगितलेली भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळवा असंही आहे. ज्यांच्याकडून लाइन घेता त्यांच्या परवान्याच्या अटी वेगळ्या असतात, तुमच्या करारात काय लिहिलंय ते एकदा वाचा. मजकुराच्या ओळी दाबल्या की फार लहान होतात, १८० दिवस आरामात मावतील.

तारवाला (पुढचा बुधवार, रात्री १०:१५)

धागा वर काढतो. आठवडा झाला. टेकडीच्या फाइलमधून धुरा तुटल्याच्या वेळा काढून वहीत लिहिल्या:

गुरुवार रात्री १०:०३, शुक्रवार रात्री १०:०२, शनिवार रात्री १०:०१, रविवार रात्री १०:०४. सोमवार सकाळी ८:३३, मंगळवार सकाळी ८:३१, आज सकाळी ८:३२.

जिन अन् शाळा, दोघांच्या फाइली शांत. त्यांचा 'जिवंत आहे' एकदाही चुकला नाही.

जेवताना वही समोर होती. बाबांनी चष्मा न लावताच पाहिली अन् म्हणाले, "हे तं लायनीचं टायमटेबल होय ना बे." मी म्हटलं कोणत्या लायनीचं. तर म्हणे, "थ्री फेजचं. सोम-मंगळ-बुध सकाळी साडेआठले येते, बाकी दिवस रात्री दहाले. हरभऱ्याले ओलित कोण करून राहिलं, तू का मी?"

ताई, तुम्ही विचारलं होतं दिवाळीनंतर काय सुरू होतं. ओलित सुरू होतं, थ्री फेज आली की शेताला पाणी द्यायच्या मोटारी! मी पत्रिका सांगत बसलो.

धारणीकर (बुधवार, रात्री १०:२८)

मला शंका होती, पण वेळा हातात नसताना बोलले असते तर अंदाज झाला असता. आता डीपी (ट्रान्सफॉर्मर) पाहा. धुऱ्याच्या टॉवरची सिंगल फेज अन् शेतातल्या मोटारी एकाच डीपीवर आहेत का?

तारवाला (शुक्रवार, सकाळी ७:४०)

काल रात्री मल्टिमीटर घेऊन पुन्हा धुऱ्यावर गेलो. सोबत चुलतभाऊ, काठी अन् दोन टॉर्च. (सावजी भाऊ, बिबट्याही दिसला नाही.)

डीपी एकच. तिच्यावर बावीस मोटारी, अन् बहुतेकांना ऑटो स्विच. रात्री उठून कोण जाते मोटार लावायले, म्हणून सगळ्यांनी लावून ठेवलेले. दहा वाजता मीटरवर २२६ व्होल्ट. दहा वाजून दोन मिनिटांनी डीपी गुंगली, खोपडीतला बल्ब एकदम पिवळा पडला अन् चारी बाजूंनी मोटारी उठल्या. मीटर १३८. यूपीएसनं टक् केलं, अन् राऊटरचे, रेडिओचे सगळे लाइट गेले. दोन-तीन सेकंदांत व्होल्टेज १९० वर आलं, राऊटर पुन्हा सुरू. म्हणजे वीज जाते तीन सेकंद. बाकीची चार मिनिटं राऊटर उठणं, रेडिओला टेकडी सापडणं अन् पन्नास घरांचं पीपीपीओई (इंटरनेटचं लॉगिन) पुन्हा लागणं यात जातात.

यूपीएस उघडला. बॅटरी फुगून डब्याला चिकटली होती, स्क्रू ड्रायव्हरनं उचकटावी लागली. तारीख पाहिली तर मीच साडेतीन वर्षांआधी टाकलेली.

अन् मी मंगळवारी रात्री जाऊन बसलो होतो! मंगळवारी थ्री फेज सकाळची.

पॅकेटकाका (शुक्रवार, सकाळी ८:०५)

वा. असं सापडलं की दिवस चांगला जातो.

नवा यूपीएस घेऊ नका. वीज बॅटरीत, बॅटरीतून पुन्हा २३० अन् त्यातून अडॅप्टर, हा उलटा प्रवास कशाला? १२ व्होल्टची बॅटरी चार्जरवर ठेवा अन् राऊटर तिच्यावरूनच चालवा. बहुतेक मायक्रोटिक १२ व्होल्टवर चालतात, मागच्या स्टिकरवर रेंज लिहिलेली असते. रेडिओला २४ लागत असतील तर मधात बूस्टर. बॅटरी सतत आत असल्यामुळं 'टक्' करायचा प्रश्नच येत नाही. फ्यूज टाकायला विसरू नका.

सावजी_रस्सा (शुक्रवार, सकाळी ९:३०)

बावीस मोटारींचा सिसलॉग बाबांच्या डोक्यात होता. पोर्ट कोणता ते विचारून ठेवा.

वैनगंगेकाठी (शुक्रवार, सकाळी १०:१२)

वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडं मिलची मोठी मोटार सुरू झाली की एक स्विच झटका खातो. आजच वेळा जुळवून पाहतो.

तारवाला (पुढचा गुरुवार, रात्री १०:२०)

१२ व्होल्टची बॅटरी, चार्जर, बूस्टर, फ्यूज, सगळं शनिवारी बसवलं. आज पुन्हा रात्रीची पाळी. सर्व्हरसमोर बसलो होतो. १०:०२ झाले, १०:०५ झाले, टेकडीच्या फाइलमध्ये काही नाही. धुऱ्याची १०:०५ ची 'जिवंत आहे' ओळ आली, मग १०:१० ची. अपटाइम पाच दिवस.

फोन एकच आला, तोही धुऱ्याकडून. म्हटलं गेलं वाटते. तर तो विचारत होता की हरभऱ्यावर घाटे अळी आली, फवारा कोणता मारू.

जाता जाता, सगळे लॉग एका जागी आल्यावर आता दिसलं की जिनवरचा एक पोर्ट दुपारी १ ते ४ मध्ये गिगाबिटवरून १०० एमबीवर उतरतो अन् पुन्हा चढतो, दिवसातून वीसेक वेळा. टिनाच्या खाली आहे तो डबा. याचा वेगळा धागा काढतो, काका तिथं या.